पावसाळ्यात जुनी जावा बंद ठेवताना

मृग लागायच्या आत कोकणातले बरेच जण आपली जुनी जावा, येझदी नाहीतर बुलेट पडवीत किंवा मागच्या खोलीत घेतात आणि वर ताडपत्री टाकून मोकळे होतात. दसऱ्याच्या तोंडावर ताडपत्री निघते तेव्हा रिमवर तांबडे ठिपके असतात, सायलेन्सरला पापुद्रे सुटलेले असतात आणि ब्रेक धरून बसलेला असतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६०च्या दशकात जावा आणि १९७३पासून येझदी बाहेर पडू लागली. १९९६मध्ये कारखान्याला टाळं लागलं. तिथलं मूळ मडगार्ड किंवा मूळ टाकी एकदा कुजली की तशी दुसरी सहजी मिळत नाही. बाजारात नव्याने घडवलेले भाग येतात, पण त्यांचा पत्रा बऱ्याचदा पातळ असतो. म्हणून आहे ते जपायचं, आणि जपायचं तर ओल नेमकी कुठून शिरते ते आधी बघायला हवं.

गंजाला लोखंड, हवा आणि पाणी लागतं. पाणी म्हणजे थेंबच पडायला हवेत असं नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंजाला तेवढा पुरतो. किनारपट्टीवर जुलैमध्ये ती ८५-९० टक्क्यांच्या आसपास दिवसचे दिवस राहते. शिवाय खारा वारा. मिठाचा कण हवेतली ओल ओढून घेतो आणि गंजाचं काम आणखी सोपं करतो. स्पोकच्या निपलपाशी आणि रिमच्या आतल्या कडेला गंज आधी दिसतो, कारण मीठमाती तिथेच अडकते.

मोटरसायकल बंद ठेवण्याविषयी जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुतेक युरोपच्या हिवाळ्यासाठी लिहिलेले असतात. तिथल्या गार हवेत वाफ कमी मावते. खरा त्रास होतो तो थंडगार धातूला एकाएकी ऊबदार हवा लागून त्यावर पाणी सुटल्याने. आपल्या पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे असं पाणी सुटणं कमी, पण दमटपणा चार महिने हटत नाही. पाणी सुटायला लागतं ते पाऊस सरल्यावर. रात्री इंजिनाचं जड धड गार होतं, सकाळी हवा भराभर तापते, धातू मात्र मागे राहतो आणि फिन्सवर दव जमतं. म्हणून पाऊस संपल्यावरही गाडी दिवाळीपर्यंत झाकून ठेवू नये.

ताडपत्रीचा दोष असा की वरचं पाणी ती अडवते आणि खालून येणारी ओल कोंडून ठेवते. मातीची जमीन असो, शहाबादी फरशी असो की कोबा, ओल खालून वर येतच असते. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरावं, त्यावर फळी टाकावी आणि फळीवर गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. वरून जुनी सुती चादर घालावी. पडवीत ठेवायची तर पागोळ्यांचे शिंतोडे येतात त्या बाजूला झापं किंवा पत्रा बांधावा, पण भिंतीपासून हातभर जागा सोडून. हवा खेळती राहिली पाहिजे.

खोली लहान असेल तर थोडी ऊब फार उपयोगी पडते. २५ अंशांची, ९० टक्के दमट हवा ३० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते. जुन्या घरात कपाटात बल्ब लावून ठेवायचे ते याच कारणाने. इंजिनाजवळ ६० वॅटचा तारेचा बल्ब ठेवला तर आजूबाजूचा धातू कोरडा राहतो. एलईडी दिव्यात तेवढी ऊब नसते. मात्र टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे केलेले असले, खोलीत पेट्रोलचा वास उरलेला नसला, आणि चादर बल्बपासून लांब असली, तरच हा उपाय करावा. यातलं एकही जमत नसेल तर बल्बचा विचार सोडून द्यावा.

आता त्या सवयीबद्दल, जिच्यामुळे माझ्या मते सर्वांत जास्त गाड्या आतून कुजतात: ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवायची.’ सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो चुकीचा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी तापून धावत असते तेव्हा ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर शेपटीपर्यंत तापतच नाही, आणि वाफ आतल्या गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. जावाला सिलेंडर एक आणि सायलेन्सर दोन, म्हणजे कुजायला जागाही दोन. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये निदान तेलकट काजळीचा लेप असतो. बुलेटच्या सायलेन्सरला तेवढाही आधार नाही. शिवाय बुलेटमध्ये यातलं काही पाणी पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. इंजिन नीट तापलं तरच ते उडून जातं. तेव्हा कोरडा दिवस बघून गाडी सलग पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी, नाहीतर किकला हातच लावू नये. इंजिन फिरतं ठेवायचं असेल तर प्लग काढून, गाडी गिअरमध्ये टाकून, मागचं चाक हाताने सावकाश फिरवावं. तेवढ्याने तेलाचा थर ताजा होतो आणि पाणी तयार होत नाही.

टाकी भरून ठेवावी की रिकामी, यावर मेस्त्री मंडळींत एकमत नाही. पूर्वी ‘गळ्यापर्यंत भरा’ हे उत्तर बरोबर होतं: टाकीत हवा नाही, म्हणजे गंज नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल शोषून घेतं. ओल मर्यादेबाहेर गेली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, म्हणजे नेमकं पेट्रोल कॉकच्या तोंडाशी. टू-स्ट्रोकमध्ये धोका आणखी मोठा आहे. आपण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. खालच्या थरात ते जवळजवळ नसतं. ऑक्टोबरात कॉक उघडला की इंजिनात आधी तोच बिनतेलाचा थर जातो आणि पिस्टन धरतो.

म्हणून चार महिन्यांसाठी मी रिकाम्या टाकीच्या बाजूने आहे. पेट्रोल काढून दुसऱ्या चालत्या गाडीत वापरून टाकावं. टाकी उन्हात पूर्ण सुकवावी, आत शंभर-दीडशे मिलीलिटर टू-स्ट्रोक ऑइल ओतावं आणि टाकी चारी अंगांनी फिरवून आतला सगळा पत्रा भिजू द्यावा. जुन्या कॉकमधलं बुचाचं वॉशर कोरडं पडून आकसतं, तेव्हा सुरुवातीला थोडी गळती होईल. वॉशर बदलणं टाकी बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. कार्बोरेटरचं भांडंही उघडून रिकामं करावं. कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडू दिली तरी तळाशी थोडं पेट्रोल उरतंच, आणि तेच पुढे जेटमध्ये चिकट होऊन बसतं.

टू-स्ट्रोकच्या क्रँकची रचना इथे लक्षात घ्यावी लागते. त्याची बेअरिंगं चार-स्ट्रोकसारखी भरपूर ऑइलने धुतली जात नाहीत. पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेलावरच ती जगतात. गाडी थांबली की त्यांच्यावर पातळसा थर उरतो आणि दमट हवा कार्बोरेटरच्या वाटेने तिथवर पोचते. इंजिन कोमट असताना प्लग काढावा, प्लगच्या भोकातून दोन चमचे आणि कार्बोरेटरच्या तोंडातून तेवढंच टू-स्ट्रोक ऑइल सोडावं, आणि प्लग न लावता हळूहळू पाच-सहा किक माराव्यात. मग प्लग लावून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांत तेलकट फडक्याचे बोळे आणि एअर फिल्टरच्या तोंडावर प्लास्टिक बांधावं. बोळे आहेत हे विसरू नये म्हणून हँडलला लाल चिंधी बांधावी.

बुलेटचं ऑइल मात्र ठेवण्यापूर्वी बदलावं, बाहेर काढल्यावर नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्लं असतात, ती चार महिने बेअरिंगला लागून राहतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटाला आणून ठेवावा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. पॉइंटवाल्या बुलेटवर ही जागा अॅमीटर दाखवतो: इग्निशन चालू ठेवून किक हलके दाबत गेलं की ती कडक होते आणि काटा मधोमध येतो. काम झालं की इग्निशन बंद करायला विसरू नये.

बाहेरच्या अंगाचं सगळ्यात दगाबाज ठिकाण म्हणजे जावाच्या टाकीच्या दोन्ही बाजूंचे गुडघ्याचे रबर. त्यांच्यामागे क्रोम असतं आणि रबराच्या कडेतून शिरलेलं पाणी तिथे सुकतच नाही. वरून टाकी आरशासारखी चमकत असते आणि रबर उचललं की तांबडा भुगा निघतो. क्रोमचा मुलामा मायक्रोनहूनही पातळ असतो, त्यात बारीक भेगा असतात. खालच्या निकेलला छिद्र पडलं की पाणी थेट पत्र्याला लागतं. रबर काढून ठेवावेत, टाकी गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून मेणाचं पॉलिश लावावं. रिमला आणि सायलेन्सरला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरतो. फवाऱ्याचं पातळ तेल चार महिने टिकत नाही. मडगार्डच्या आतल्या अंगाला ब्रशने इंजिन ऑइल फासावं, पण ब्रेकच्या ड्रमपासून आणि टायरपासून लांब. धुतल्यावर गाडी फिरवून ब्रेक सुकवल्याशिवाय आत ठेवू नये, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी काढून महिन्यातून एकदा चार्ज करावी, टायरात नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरावी, केबलींत तेलाचे थेंब सोडावेत, आणि उंदरांसाठी सीटखाली डांबरगोळ्या ठेवाव्यात.

बाहेर काढताना घाई नको. आधी बोळे आणि प्लास्टिक काढावं, टाकी थोड्या पेट्रोलने विसळून ते फेकून न देता गाळून बाजूला ठेवावं, प्लग पुसावा आणि प्लग न लावता दहा-बारा किक माराव्यात. मग ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल. पहिली काही मिनिटं पांढरा धूर येईल, तो आपणच ओतलेल्या तेलाचा. लगेच वीसेक किलोमीटर फिरवून आणावी. आणि दसऱ्याला पूजा केली की हळदकुंकू, नारळाचं पाणी आणि झेंडूचे ओले हार संध्याकाळपर्यंत क्रोमवर राहू देऊ नयेत. त्याच दिवशी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं.