गॉसमर आणि म्हातारी

फुंकरीने उडून जाईल इतक्या नाजूक वस्तूला इंग्रजीत ‘गॉसमर’ म्हणतात. मराठीत आपण ‘तलम’, ‘झिरझिरीत’ असे प्रतिशब्द देतो. हे कापडाचे शब्द आहेत. गॉसमर मात्र मुळात कापड नव्हे. ते शरदात हवेवर तरंगणारे कोळ्याचे धागे.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकापासून दिसतो. चॉसरने आपल्या ‘स्क्वायर्स टेल’मध्ये मेघगर्जना, भरती-ओहोटी आणि धुके यांच्याबरोबर गॉसमरलाही लोकांना कोड्यात टाकणाऱ्या गोष्टींत बसवले आहे. ‘गूज’ म्हणजे बदकासारखा मोठा पाळीव पक्षी आणि ‘समर’ म्हणजे उन्हाळा, या दोहोंपासून तो बनला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नोव्हेंबरात, कडाक्याच्या थंडीआधी, तिकडे काही उबदार दिवस येतात. हे पक्षी खाण्याचा हंगाम तोच आणि धागे दिसण्याचाही तोच. त्यामुळे ऋतूचे नाव धाग्यांना चिकटले.

चॉसरच्या काळातले कोडे पुढे उलगडले. कोळ्याची पिल्ले गवताच्या टोकावर चढतात, पोट वर करून धागा सोडतात आणि वाऱ्याबरोबर निघून जातात. 1832 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 60 मैलांवर असे असंख्य कोळी डार्विनच्या जहाजावर येऊन उतरले होते.

जर्मन भाषेत याच दिवसांना आणि याच धाग्यांना ‘आल्टवायबरझोमर’ म्हणतात. शब्दशः अर्थ, म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा. लोकांना त्या धाग्यांत पिकलेले केस दिसले. हे वाचताना मला जुन्नर-आंबेगावचे बांध आठवले. तिथे रुईचे बोंड उकलले की रेशमी झुबक्याला लटकलेले बी वाऱ्यावर निघते आणि पोरे त्यामागे धावतात. त्याला आपण ‘म्हातारी’ म्हणतो. दोन भाषा, दोन वेगळ्या वस्तू. पण पाहणे एकच.

साम्य केवळ पांढऱ्या केसांचे नाही. धागा पिल्लाला नेतो, झुबका बियाला. दोन्हींचा नाजूकपणा कामाचा आहे: जड असते तर पुढची पिढी आईच्या पायाशीच अडकून पडली असती. ‘तलम’ या शब्दात हे काहीच येत नाही.

म्हणून ‘गॉसमर’ मराठीत आणताना दर वेळी कापडाच्या दुकानात जाऊ नये, असे मला वाटते. जिथे तरंगणे महत्त्वाचे आहे, तिथे ‘म्हातारीसारखे’ म्हणावे. वाचकाला ते समजेल. मात्र त्याने म्हातारी पाहिलेली हवी. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या तालुक्यांत ऊस आला, बागायत आली. ती हवीच होती. पण बांध कोरत नेला की रुई आधी जाते. मग शब्दकोशात ‘म्हातारी’ राहील, पण तिचा एकच अर्थ उरेल.