चैत्रातली कुंडी आणि उसने सल्ले

गुढीपाडव्याच्या आसपास दोन गोष्टी हमखास होतात. मोगऱ्यावर कळ्या दिसू लागतात आणि घरातल्या कुणाला तरी बागेची हुक्की येते. मोबाइलवरचे व्हिडिओ, शेजारच्या काकूंचा अनुभव आणि नर्सरीवाल्याची हमी यांच्या भरवशावर गॅलरीत आठ-दहा कुंड्या येऊन बसतात. वैशाख सरेपर्यंत त्यातल्या बऱ्याच ओस पडतात आणि मग आपण म्हणतो, "आमच्या हाताला झाड लागतच नाही." हात बिचारा निर्दोष असतो. सल्लेही बहुतेक वेळा खोटे नसतात, ते दुसऱ्या हवेतले किंवा दुसऱ्या झाडाचे असतात. अशा उसन्या सल्ल्यांची ही झाडाझडती.

गैरसमज १ : वसंत आला, म्हणजे रोपं लावायचा हंगाम आला.

वस्तुस्थिती : हे खरं आहे, पण बर्फ पडणाऱ्या देशांत. तिथली जमीन हिवाळाभर गोठलेली असते. ती मोकळी झाली की लागवडीची घाई सुरू होते. आपल्याकडे चैत्राच्या पाठोपाठ वैशाख वणवा येतो. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मार्चअखेर लावलेल्या रोपाची मुळं तोवर पसरलेलीही नसतात. आपला लागवडीचा खरा हंगाम म्हणजे मृगानंतरचा पावसाळा. मार्चमध्ये नर्सरीत भरगच्च फुललेली पिटुनिया आणि पॅन्झी थंडीतली झाडं आहेत. त्यांचा तो बहर निरोपाचा असतो.

अपवाद मात्र आहेत. गवार, भेंडी, काकडी, दोडका या उन्हाळी भाज्यांचं बी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत टाकता येतं. सदाफुली उन्हाला दाद देत नाही. सकाळी उमलून दुपारनंतर मिटणारी पोर्तुलाका, म्हणजे आपली 'ऑफिसटाइम', तर बोटभर फांदी मातीत खोचली तरी जगते.

गैरसमज २ : पानं गळू लागली, म्हणजे झाड चाललं, पाणी वाढवा.

वस्तुस्थिती : खिडकीबाहेरचा पिंपळ बघा. माघ-फाल्गुनात तो उघडाबोडका होतो आणि काही दिवसांतच तांबूस पालवीने भरतो. आपल्याकडे पानगळ आणि पालवी अशी हातात हात घालून येते. कुंडीतला चाफाही थंडीत पानं टाकतो, कढीपत्ताही विरळ होतो. पानं नसताना झाडातून बाष्प फारसं उडत नाही, म्हणजे पाण्याची गरजही घटते. अशा वेळी दया येऊन रोज तांब्या ओतला की मुळांभोवतीची हवा संपते आणि मुळं कुजतात. चाफ्याचं खोड पाणी साठवून ठेवतं, त्यामुळे तो सर्वांत आधी बळी पडतो. म्हणून पाणी पानं बघून देऊ नये, माती बघून द्यावं. बोट दोन पेरं आत खुपसा. ओल लागली तर झारी खाली ठेवा.

गैरसमज ३ : मोगरा फुलत नाही, म्हणजे खत कमी पडतंय.

वस्तुस्थिती : मोगऱ्याच्या कळ्या जुन्या काटकीवर येत नाहीत, नव्या फुटीच्या टोकाला येतात. नवी फूट हवी तर छाटणी हवी, आणि तिथेच आपला हात अडखळतो. हिरव्यागार झाडाला कात्री लावणं जिवावर येतं. थंडीत, साधारण जानेवारीत, पाणी कमी करून झाडाला थोडी विश्रांती द्यायची, मग फांद्या निम्म्यापर्यंत छाटायच्या, वरची माती खुरप्याने मोकळी करून शेणखत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. फाल्गुन-चैत्रात फूट येते आणि तिच्याबरोबर कळ्या. एक बहर संपला की फुलून गेलेली टोकं खुडायची, म्हणजे दुसऱ्या बहराची सोय होते.

आता खताविषयी. नत्र जास्त झालं की झाड पानांवर जोर देतं आणि फुलांना विसरतं. नुसता पाला माजलेला मोगरा बहुधा उपाशी नसतो, त्याचे लाड जास्त झालेले असतात. आणखी एक तपासा : त्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळतं का? सावलीतल्या मोगऱ्याला कुठलंही खत वास आणून देऊ शकत नाही.

गैरसमज ४ : भर दुपारी पाणी घातलं की थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात.

वस्तुस्थिती : हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये ही समजूत प्रयोगाने तपासली. गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबाने पान भाजलं नाही. थेंबाला पानापासून वर उचलून धरणारी लव असलेल्या पानांवर मात्र तसं होऊ शकतं, असं त्यांना दिसलं. पाणी सकाळी घालावं हे खरंच, पण कारण वेगळं आहे : दुपारी बरंचसं पाणी वाफ होऊन जातं. माती कोरडी पडून झाड माना टाकत असेल, तर संध्याकाळची वाट न बघता मुळाशी पाणी द्या. फक्त गच्चीवरच्या पाइपातलं पहिलं कढत पाणी आधी सोडून द्या. आणि पानांवरचे तपकिरी डाग? नर्सरीतल्या हिरव्या जाळीखालून रोप थेट पश्चिमेच्या गॅलरीत आणलं की ते उन्हाने भाजतं. त्याला उन्हाची सवय आठ-दहा दिवसांत हळूहळू लावावी.

गैरसमज ५ : तुळस रात्रीसुद्धा ऑक्सिजन देते, आणि घरातली झाडं हवा शुद्ध करतात.

वस्तुस्थिती : ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतो. रात्री तुळसही इतर झाडांसारखी फक्त श्वसन करते. उलट टोकाची भीतीही तितकीच पोकळ : खोलीतल्या दोन कुंड्यांनी झोपेत कुणी गुदमरत नाही. शेजारी झोपलेला माणूस त्यांच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड सोडतो.

हवाशुद्धीच्या दाव्यामागे 'नासा'चा १९८९ चा अभ्यास आहे. तो खरा आहे, पण तो छोट्या, बंद पेट्यांत केलेला होता. आपल्या घरांना दारं-खिडक्या असतात. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. सर्वसाधारण इमारतीत हवा खेळल्याने जितकी शुद्धी होते, तितकी झाडांकडून हवी असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे आपल्याला झोपायला जागाच उरायची नाही. खिडकी उघडणं सोपं.

तुळशीचं खरं दुखणं निराळंच असतं. मंजिऱ्या तशाच राहिल्या की बी धरण्यात तिची शक्ती खर्च होते आणि झाड लवकर जून होतं. त्या वेळच्या वेळी खुडून देवाला वाहाव्यात. भक्तीही होते, छाटणीही होते.

गैरसमज ६ : मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो.

वस्तुस्थिती : तो वाढतो पेरामुळे. फांदीच्या तुकड्यावर एखादं पेर असेल, तर तिथून मुळं फुटतात. नुसतं देठासकट पान आणलंत, तर चोरी फुकट जाते. ही वेल मूळची दक्षिण प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची. जिबरेलिन नावाचं संप्रेरक नीट तयार होत नसल्याने तिला फुलं जवळजवळ येतच नाहीत, असं २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. फूल नाही, म्हणून बी नाही. त्यामुळे घराघरांतला मनीप्लांट हा कुणाच्या तरी वेलीचा तुकडाच असतो. तेव्हा सरळ मागा, काकू आनंदाने देतील.

गैरसमज ७ : तळाला खडीचा थर, वर सुपीक काळी माती आणि त्यावर रोजचा चहाचा चोथा, की कुंडी तयार.

वस्तुस्थिती : तिन्ही चुकीचं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडतं. त्यामुळे मुळांना मिळणारी कोरडी, मोकळी माती उलट कमी होते. भोकावर एक खापरी पुरे. काळी माती शेतात सोनं असते. कुंडीत मात्र ती भिजली की चिकट गोळा होते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात लाल माती, कोकोपीट आणि शेणखत किंवा गांडूळखत मिसळावं. कोकोपीट ओल धरतं, पण त्यात पोषण जवळजवळ नसतं, हेही लक्षात असू द्या. दूध-साखरेचा चोथा मुंग्या आणि बुरशी बोलावतो. तो धुऊन, वाळवून आधी कंपोस्टमध्ये जाऊ द्या.

गैरसमज ८ : अळी दिसली, की औषध मारायचं.

वस्तुस्थिती : चैत्रात कढीपत्त्याला किंवा लिंबाला कोवळी पालवी आली की तिच्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. नीट बघा, ते हलतं. ती फुलपाखराची अळी असते. शत्रूने खाऊ नये म्हणून तिने घेतलेलं ते सोंग. मोठी झाली की ती हिरवी होते. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीच्या अळ्याही याच कुळातल्या झाडांवर वाढतात. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. झाड मोठं असेल तर चार फांद्यांची पानं गेली म्हणून बिघडत नाही. त्याच फांद्यांना पुन्हा फूट येते. फोडणीला आठ दिवस कढीपत्ता कमी पडेल, इतकंच. तोवर एखाद्या सकाळी, झारी भरून गॅलरीत गेलात, की कोशातून नुकतंच बाहेर आलेलं, पंख वाळवत बसलेलं फुलपाखरू दिसेल. त्या दिवशी पाणी जरा उशिरा घातलं तरी चालेल.