अनुकरणित सुरक्षित वातावरणातील विश्वासार्ह अनुप्रयोगांचे दोषशोधन

अनुकरणित सुरक्षित वातावरणातील दोषशोधन (डीबगिंग) म्हणजे प्रोसेसरच्या संरक्षित भागात चालणाऱ्या अनुप्रयोगांतील चुका प्रत्यक्ष उपकरणाऐवजी त्याची संगणकीय प्रतिकृती, म्हणजेच एम्युलेटर, वापरून शोधण्याची पद्धत होय.

== पार्श्वभूमी ==
आर्म कंपनीच्या ट्रस्टझोन तंत्रज्ञानात एकाच प्रोसेसरचे ‘सामान्य’ व ‘सुरक्षित’ असे दोन भाग मानले जातात. सामान्य भागात लिनक्स किंवा अँड्रॉइड चालते. सुरक्षित भागात एक लहान कार्यप्रणाली असून तिच्या आधाराने गुप्त किल्ल्या हाताळणारे विश्वासार्ह अनुप्रयोग चालतात. सामान्य भागाला सुरक्षित भागाची स्मृती वाचता येत नाही.

आधार क्रमांकाचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे झाले. आधार पडताळणीच्या ‘एल१’ दर्जाच्या उपकरणांत बोटांच्या ठशांचे कूटबद्धीकरण व स्वाक्षरी अशाच सुरक्षित वातावरणात होणे आवश्यक असते. त्यामुळे लोणारसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अंगठा लावून शिधा घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीनेही अशा अनुप्रयोगाची अचूकता महत्त्वाची ठरते.

== अनुकरणाची गरज ==
बाजारात येणाऱ्या उपकरणांत सुरक्षित भागाची तपासणी करण्याचे मार्ग बहुधा कायमचे बंद केलेले असतात. एम्युलेटर मात्र दोन्ही भागांच्या खालच्या पातळीवर काम करतो. त्यामुळे त्याला जोडलेल्या डीबगरला दोन्हींची स्मृती व रजिस्टरे दिसतात. यासाठी ऑप-टी ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली आणि फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेला क्यूएमू हा एम्युलेटर यांची जोडी प्रचलित आहे. ऑप-टी २०१४ मध्ये मुक्तस्रोत झाली.

== कार्यपद्धती ==
* '''संदेश-नोंदी :''' दोन्ही भागांचे संदेश दोन स्वतंत्र खिडक्यांत दिसतात. त्यामुळे चूक कोणत्या बाजूची, याचा प्राथमिक अंदाज येतो.
* '''त्रुटीचा उगम :''' अयशस्वी विनंतीच्या उत्तरात त्रुटी-क्रमांकासोबत उगम-क्रमांकही मिळतो. १ म्हणजे ग्राहक-संचिका, २ म्हणजे दोन भागांमधील दळणवळण, ३ म्हणजे सुरक्षित कार्यप्रणाली आणि ४ म्हणजे स्वतः विश्वासार्ह अनुप्रयोग.
* '''कोसळण्याची नोंद :''' अनुप्रयोग कोसळल्यास रजिस्टरे व फलन-साखळीतील पत्ते छापले जातात. एका साहाय्यक स्क्रिप्टद्वारे या पत्त्यांवरून मूळ प्रोग्रामातील ओळी शोधता येतात.
* '''थांबे :''' अनुप्रयोग प्रत्येक वेळी वेगळ्या पत्त्यावर ठेवणारी संरक्षक सोय चाचणीपुरती बंद करतात. नोंदीत छापलेला पत्ता डीबगरला देऊन हार्डवेअर थांबा लावला जातो. सत्र उघडेपर्यंत अनुप्रयोग स्मृतीत नसल्याने, तेथील सूचना बदलून लावला जाणारा साधा थांबा उपयोगी पडत नाही.

== नेहमीच्या चुका ==
आधीच ठरवून दिलेली स्टॅक वा हीप स्मृती अपुरी पडणे आणि प्राचलांचे प्रकार न तपासणे या चुका वारंवार आढळतात. सामायिक स्मृतीतील मजकूर एकदा तपासून पुन्हा तेथूनच वाचणे अधिक धोकादायक असते, कारण दोन वाचनांच्या मधल्या काळात सामान्य भाग तो बदलू शकतो. म्हणून मजकुराची प्रत आधी सुरक्षित स्मृतीत घेऊन मगच ती तपासली जाते.

== मर्यादा ==
क्यूएमू प्रोसेसरच्या कॅशेचे व प्रत्यक्ष कालमापनाचे अनुकरण करत नाही. त्यामुळे वेळेतील फरकावरून गुपित ओळखणारे हल्ले त्यावर पारखता येत नाहीत. चाचणीच्या मांडणीत उपकरणाची मूळ किल्ली शून्यांची असते, तर अनुप्रयोगांवर स्वाक्षरी करणारी नमुना-किल्ली मूळ प्रोग्रामासोबत सर्वांना उपलब्ध असते. या दोन्ही किल्ल्या न बदलता उपकरण बाजारात आणल्यास कोणालाही स्वतःचा अनुप्रयोग ‘विश्वासार्ह’ म्हणून त्यात चालवता येईल. म्हणून अनुकरणातील चाचणीनंतर थांब्यांसाठी बंद केलेली संरक्षणे पुन्हा सुरू करणे, किल्ल्या बदलणे आणि प्रत्यक्ष उपकरणावर फेरचाचणी घेणे आवश्यक असते.