लोणारच्या खाऱ्या पाण्यातले दारवान

जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या मराठी घरांतही ते फोटो फिरले आणि त्यांच्याबरोबर काही समजुतीही.

गैरसमज : गुलाबी रंग जीवाणूंचा.
पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा रंग मीठप्रिय आर्कियांचा निघाला. दिसायला जीवाणूंसारखे, पण त्यांचा वंश निराळा. लोणारात खरे जीवाणूही पुष्कळ आहेत. पुढचे सगळे खऱ्या जीवाणूंविषयी.

गैरसमज : अल्कधर्मी पाण्यातला जीवाणू आतूनही तेवढाच अल्कधर्मी.
हा समज फार चिवट. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. अशा पाण्यात वाढणाऱ्या बॅसिलस जातींचा अभ्यास सांगतो, की बाहेर सामू साडेदहा असला तरी पेशीच्या आत तो सव्वाआठ-साडेआठच राहतो. सामू जितका कमी तितके प्रोटॉन जास्त, म्हणजे आत प्रोटॉन बाहेरच्यापेक्षा निदान शंभरपट! ते आपणहून आत येतील कसे? पेशीपटलात बसलेली वाहक प्रथिने सोडिअम बाहेर काढतात आणि त्या बदल्यात प्रोटॉन आत ओढतात. त्याला लागणारे बळ पटलावरच्या विद्युतदाबातून मिळते.

पटल ही नुसती गाळणी असते, तर हे जमलेच नसते. प्रोटॉनइतका चिमुकला कण कुठल्याही गाळणीतून निसटला असता.

सोडिअम काढून प्रोटॉन ओढणारे असे एक वाहक म्हणजे एमआरपी. ते सात जनुकांच्या सात प्रथिनांनी मिळून बनते. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी सी-१२५ या बॅसिलसचा एक बिघडलेला वाण तपासला. या सातांपैकी पहिल्या जनुकात एकच अक्षर बदलले होते, आणि तेवढ्याने त्या वाणाची अल्कधर्मी पाण्यात वाढण्याची ताकद गेली होती.

गैरसमज : अशी जनुके फक्त असल्या विचित्र जागीच सापडतात.
छे! बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या साध्यासुध्या जीवाणूतही एमआरपी आहे.

गैरसमज : वाहतुकीची जनुके म्हणजे किरकोळ भरणा.
स्वतंत्र जगणाऱ्या ई. कोलाय जीवाणूची जनुकसंहिता सुमारे ४६ लाख अक्षरांची असते, आणि तिचा लक्षणीय वाटा पटलातून होणाऱ्या वाहतुकीवर खर्च होतो. पिकावरच्या मावा किडीच्या पेशींत बुखनेरा नावाचा ई. कोलायचा नातलग राहतो. त्याची संहिता जेमतेम साडेसहा लाखांची, आणि वाहकांची जनुके अगदी मोजकी. सगळे आयते मिळते, बाहेरच्या पाण्याशी गाठच पडत नाही. मग न वापरलेली जनुके पिढ्यान्‌पिढ्या गळत गेली.