खेळ की अभ्यास? दोन्ही!

मुलगी दहावीत गेली की आपल्याकडे क्लास सुरू होतो आणि खेळ बंद होतो. अशा वेळी पॅट समिट यांची कारकीर्द जरूर आठवावी.

१९७४ साली, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी त्या अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवायच्या, खेळाडूंचे गणवेशही त्याच धुवायच्या. पुढच्या ३८ हंगामांत त्यांच्या संघाने १०९८ सामने आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली.

पण मला मोठा वाटतो तो त्यांचा दुसराच विक्रम. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. नियम कडक होते : वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, आणि तास बुडवला तर सामना विसरायचा.

२०११ मध्ये त्यांना अल्झायमरचे निदान झाले. तरीही त्या आणखी एक हंगाम संघासोबत राहिल्या. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

सुरतेतल्या आपल्या मुलींनो, मैदान सोडू नका. आणि आईबाबांनो, 'आधी अभ्यास' जरूर म्हणा. पण 'मग खेळ' म्हणायलाही विसरू नका!