दुरुस्त होण्यासाठी बांधलेलं यंत्र

जुना सीआरओ हाती लागला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरावा. वर्षानुवर्षं माळ्यावर किंवा प्रयोगशाळेतल्या कपाटामागे पडून राहिलेल्या यंत्रातल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांच्या आतला ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. त्यांच्यावर एकदम पूर्ण दाब आला तर ते तापतात, फुगतात आणि जाताना शेजारचं काहीतरी घेऊन जातात. जाणती माणसं आधी यंत्राच्या मागे बघतात. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११५ व्होल्टवर ठेवलेलं असेल आणि आपण ते २३० वर जोडलं, तर पुढचा सगळा लेख वाचायची गरज उरत नाही. त्यानंतर सीरीज बोर्डावर शंभर वॅटचा बल्ब लावून वीज द्यायची. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब मात्र तारेचाच हवा, एलईडी इथे कामाचा नाही. म्हणूनच या नादातल्या लोकांच्या घरी जुने फिलामेंटचे बल्ब अजून वर्तमानपत्रात गुंडाळून जपलेले सापडतात. व्हॉल्व्हच्या काळातल्या, पाचशे वॅटच्या वर वीज खाणाऱ्या धुडाला हा बल्ब पुरा पडत नाही. तिथे व्हेरिअ‍ॅक लागतो, म्हणजे दाब हळूहळू वाढवत नेता येणारा ट्रान्सफॉर्मर, आणि धीरही.

सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप, काय करतो हे विज्ञान शाखेत गेलेल्या बहुतेकांना अंधूक आठवत असेल. प्रॅक्टिकलला लिसाजूच्या आकृत्या काढायचो, ते हे यंत्र. आजच्या डिजिटल स्कोपमध्ये आलेल्या संकेताचे आधी आकडे होतात आणि आकड्यांचं चित्र होतं. अ‍ॅनालॉग स्कोपमध्ये तोच संकेत मोठा करून इलेक्ट्रॉनच्या झोताला वर-खाली वाकवतो, टाइमबेस त्या झोताला डावीकडून उजवीकडे ओढतो आणि पडद्यावर रेषा उमटते. ही नळी कार्ल फर्डिनंड ब्राऊन याने १८९७ साली स्ट्रासबुर्गमध्ये बनवली. पुढे १९०९ साली मार्कोनीबरोबर त्याला नोबेल मिळालं ते मात्र बिनतारी संदेशवहनासाठी.

यंत्र म्हणून स्कोप खऱ्या अर्थाने वयात आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. हॉवर्ड व्हॉलम आणि जॅक मर्डॉक यांनी साथीदारांसह १९४६ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. त्यांचा ५११ हा स्कोप १९४७ साली ७९५ डॉलरला बाजारात आला. तोवर बाजारावर ड्यूमाँट कंपनीचा पगडा होता. त्या काळच्या बहुतेक स्कोपमध्ये रेषा आपल्या लयीत धावत राहायची आणि संकेताशी तिचा मेळ बसवत बसावं लागायचं. ५११ मध्ये संकेतानेच इशारा दिल्याशिवाय रेषा निघत नसे. यालाच ट्रिगर म्हणतात. शिवाय पडद्यावरच्या चौकटी मोजून व्होल्ट आणि सेकंद सांगता येऊ लागले. दाखवणारं यंत्र मोजणारं झालं.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. जुने स्कोप दुरुस्त करताना एक उलटी गोष्ट दिसते: यंत्र जितकं जुनं, तितकं ते दुरुस्त होण्याची शक्यता जास्त. पंचावन्न-साठच्या सुमाराचा टेक्ट्रॉनिक्स ५४५ आज पुन्हा उभा करता येतो. १९८४ मध्ये आलेला, त्याहून दहापट वेगवान २४६५ मात्र एका चिपच्या मरणाने कायमचा थांबू शकतो. असं का, हे ५४५ ची बाजूची झाकणं काढली की कळायला लागतं.

आत छापील सर्किट बोर्ड नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या खाचा पाडलेल्या पट्ट्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक खाचेत चांदीचा पातळ थर भाजून बसवलेला, त्यात सोल्डर भरलेलं आणि त्यात रेझिस्टर-कंडेन्सरांच्या तारा एका रेषेत बसवलेल्या. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, बदलता येतो. अट एकच. नेहमीचं कथिल-शिशाचं सोल्डर इथे चालत नाही, कारण वितळलेलं कथिल खाचेतली चांदी विरघळवून घेतं आणि दोन-चार वेळा डाख दिला की खाचेत सोल्डर धरतच नाही. त्यासाठी सोल्डरमध्येच सुमारे तीन टक्के चांदी असावी लागते. आणि हे सोल्डर कुठून आणायचं? कारखान्यानेच त्याची छोटी गुंडाळी यंत्राच्या आत अडकवून ठेवलेली असते. विकतानाच त्यांनी गृहीत धरलं होतं की पुढे कोणीतरी हे उघडणार, आणि त्याच्या हाताशी योग्य सामान असायला हवं. कित्येक यंत्रांत ती गुंडाळी अजून जागच्या जागी मिळते. सोल्डरिंग आयर्नचं टोक खाचेच्या धातूवर टेकवायचं, सोल्डर पूर्ण वितळू द्यायचं आणि मग तार अलगद वर घ्यायची. पकडीने तार उचकटली की पट्टीचा टवका उडालाच.

तोच विचार मॅन्युअलमध्येही दिसतो. आधी प्रत्येक टप्पा कसा चालतो याचं साध्या गद्यातलं स्पष्टीकरण, मग सर्किट, सर्किटवर जागोजागी किती व्होल्ट अपेक्षित ते, आणि त्या बिंदूवर कोणती लहर दिसली पाहिजे त्याचं चित्र. काही सर्किटांच्या कोपऱ्यात चित्रकाराने चक्क छोटी कार्टूनं काढून ठेवली आहेत. ही मॅन्युअलं वाचून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली माणसं आहेत, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकांपेक्षा ती बरी शिकली.

दुरुस्तीची सुरुवात वीजपुरवठ्यापासून. ५४५ मध्ये उणे १५० व्होल्टचा पुरवठा आधी बघायचा, कारण १००, २२५, ३५० आणि ५०० व्होल्टचे बाकी सगळे पुरवठे त्याच्याच आधाराने ठरतात. तो चुकीचा असेल तर इतर कुठेही बोट लावणं व्यर्थ. इथे सावधगिरीचं एक सांगायला हवं. नळीला लागणाऱ्या दहा हजार व्होल्टच्या नावानेच माणूस घाबरतो आणि घाबरावंही. पण जीव घेण्याची ताकद ५०० व्होल्टच्या पुरवठ्यातल्या जाड कंडेन्सरांत जास्त असते, आणि बटण बंद केल्यावरही ते भरलेले राहतात. जुने लोक मोजताना डावा हात खिशात ठेवायचे, तो रुबाब नव्हता.

आता कंडेन्सरांचा वाद. एक पंथ म्हणतो, यंत्र उघडलं की सगळे इलेक्ट्रोलिटिक सरसकट बदलून टाका. मला हे पटत नाही. साठ वर्षं झालेले मूळ धातूच्या डब्यातले कंडेन्सर आजही नीट काम करताना सापडतात. कंडेन्सरचा अंतर्गत रोध मोजणारा ईएसआर मीटर लावावा, पुरवठ्यावरची रिपल, म्हणजे उरलेली लहर, बघावी आणि नापास होईल तोच काढावा. सरसकट बदलाबदलीत नव्या चुका घुसतात, उलटी जोडणी होते, पट्ट्यांचे टवके उडतात. आणि इतकं करून मूळ दोष भलतीकडेच निघतो. न मोजता काढायचा भाग माझ्या लेखी एकच: ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच यंत्रांत मेन्सच्या तोंडाशी बसवलेला रीफा कंपनीचा कागदी कंडेन्सर. त्याचं पिवळसर पारदर्शक कवच तडकतं, आत दमट हवा शिरते आणि एके दिवशी खोली उग्र धुराने भरते.

५४५ आणि त्याच्या पिढीचा खरा काळ म्हणजे उच्चदाबाचा ट्रान्सफॉर्मर. त्याची लक्षणं चमत्कारिक असतात. यंत्र गार असताना रेषा ठसठशीत. पंधरा-वीस मिनिटांनी चित्र हळूहळू मोठं होऊ लागतं, फिकटतं आणि शेवटी नाहीसं होतं. बंद करून तासाभराने लावलं की पुन्हा ठणठणीत. घडतं असं: गुंडाळीवर ओतलेलं इपॉक्सी जुनं झाल्यावर वीज खाऊ लागतं, त्याने तापतं, तापल्यावर आणखी खातं. ऑसिलेटर जोर लावून दाब टिकवत राहतो आणि एका क्षणी त्याची ताकद संपते. दाब उतरला की इलेक्ट्रॉन संथ होतात, संथ झोत जास्त वाकतो, म्हणून विझण्याआधी चित्र फुगतं. नवा ट्रान्सफॉर्मर कुठे मिळत नाही. पण काही हौशी लोक इपॉक्सी फोडून, फेराइटचा गाभा वाचवून, वेढे मोजून, नव्याने गुंडाळतात. म्हणजे यालाही इलाज आहे. तार, गाभा आणि चिकाटी एवढंच लागतं.

१९६५ च्या सुमारास टेक्ट्रॉनिक्सचा ४५३ आला, ट्रान्झिस्टरचा, हातात उचलून नेण्याजोगा. कम्प्युटर दुरुस्त करायला गावोगाव फिरणाऱ्या आयबीएमच्या माणसांना असाच हवा होता. १९७२ च्या ४६५ ने तर शंभर मेगाहर्ट्झचा स्कोप जगभरच्या कामाच्या टेबलांवर नेऊन ठेवला. हा अजून मुबलक मिळतो आणि सुरुवात करणाऱ्याने हाच घ्यावा. त्याचं ठरलेलं दुखणं म्हणजे थेंबाच्या आकाराचे टँटॅलम कंडेन्सर, जे कोणतीही पूर्वसूचना न देता शॉर्ट होतात. ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्टच्या पुरवठ्यांपैकी एखादा शून्यावर आलेला दिसतो. त्या पुरवठ्यावर डझनावारी भाग लटकलेले, मग दोषी कोण? एकेक उपटत बसायचं नाही. यंत्र बंद ठेवून त्या पुरवठ्याच्या वाटेत बाहेरून एक व्होल्टच्या आतला दाब आणि मर्यादित करंट सोडायचा आणि तांब्याच्या वाटेवर मिलिव्होल्टमीटर सरकवत जायचं. शॉर्टकडे जाताना आकडा उतरत जातो. जिथे उतरायचा थांबला, तिथेच गुन्हेगार बसलाय. हे पहिल्यांदा जमतं तेव्हाचा आनंद नवीन यंत्र विकत घेण्यात नाही.

त्या काळातल्या ट्रिगर सर्किटांत टनेल डायोड असत. लिओ एसाकीने १९५७ साली सोनीत काम करताना शोधलेला हा भाग आज क्वचितच कोणी बनवतं. हल्ली त्या जागी जुन्या सोव्हिएत साठ्यातले डायोड बसवतात. शीतयुद्धातल्या एका बाजूचं यंत्र दुसऱ्या बाजूच्या सुट्या भागांवर चालतंय, हे त्या अभियंत्यांना कळलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे.

आणि मग येतो २४६५. देखणा, तीनशे मेगाहर्ट्झचा, पण आत टेक्ट्रॉनिक्सने स्वतःसाठी घडवलेल्या चिपा. त्यातली आडव्या दिशेची रेषा चालवणारी यू-८०० ही चिप गेली की दुसरी आणायची कुठून? दुसऱ्या मेलेल्या २४६५ मधून. पुढच्या आवृत्त्यांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत ठेवले. बॅटरी संपली की यंत्र आपलं मापच विसरतं. ५४५ चं माप पेचकसाने फिरवायच्या ट्रिमरांत होतं, ते विसरण्याचा प्रश्नच नव्हता.

स्वच्छतेबद्दल सांगितलं तर लोक चेष्टा समजतात. टेक्ट्रॉनिक्सच्या सर्व्हिस केंद्रांत स्कोप चक्क धुतले जात: सौम्य साबणाचं पाणी फवारायचं, खळखळून धुवायचं आणि मंद भट्टीत पूर्ण वाळवायचं. ट्रान्सफॉर्मर मात्र झाकून ठेवायचे. विदर्भात मे महिन्याचं ऊन हे भट्टीचं काम फुकटात करून देईल. ४६५ चे सोन्याचा मुलामा दिलेले स्विच मात्र अजिबात घासायचे नाहीत. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी संपर्कांमधून ओढली की पुरे.

दुरुस्त झाल्यावर स्कोप खरोखर वेगवान आहे का, हे तपासायला त्याहून तीव्र चढणीचा पल्स लागतो आणि त्याची उपकरणं महाग. इथे जिम विल्यम्स कामी येतो. लिनिअर टेक्नॉलॉजीतला हा अभियंता जुन्या टेक्ट्रॉनिक्स यंत्रांचा वेडा होता आणि मोडकी यंत्रं दुरुस्त करणं हेच खरं शिक्षण, असं त्याने लिहून ठेवलं. १९९१ च्या एका टिपणात त्याने २एन२३६९ या साध्या ट्रान्झिस्टरला सुमारे नव्वद व्होल्टवर अ‍ॅव्हलँच करायला, म्हणजे एका झटक्यात वाहायला, लावून अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत चढणारा पल्स काढून दाखवला. आज जगभरचे हौशी तोच पल्सर बनवतात. २०११ साली तो गेला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्याचं पसारा मांडलेलं कामाचं टेबल जसंच्या तसं प्रदर्शनात ठेवलं.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत दिसायचे ते साधे वीस मेगाहर्ट्झचे दोन चॅनेलवाले स्कोप: ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या अ‍ॅपलॅबचे, इंदूरच्या सायंटिफिकचे, हैदराबादच्या ईसीआयएलचे. त्यांच्यावर कोणी प्रेमाने लिहीत नाही, हा अन्याय आहे. बहुतेक भाग सर्रास मिळणारे, आणि लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाला फेरी मारली की काम भागतं. त्यांची मुख्य तक्रार म्हणजे पोरांनी वर्षानुवर्षं गरागरा फिरवलेले स्विच.

एका भागापुढे मात्र सगळ्यांचेच हात टेकतात, तो म्हणजे नळी. कॅथोड थकला की रेषा मंद होते. एकाच जागी तासन्‌तास ठेवलेल्या ठिपक्याने फॉस्फर जळला की तो डाग जात नाही. अशा नळ्या आता कोणी बनवत नाही, म्हणून जुना स्कोप विकत घेताना बाकी काही चालत नसलं तरी चालेल, आधी नळी बघावी.

सध्या ठिकठिकाणी डेड स्टॉक रजिस्टरमधून हे सीआरओ निर्लेखित होऊन वजनावर भंगारात जात आहेत. भंगारवाल्याला हवं असतं अ‍ॅल्युमिनियम आणि ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं, त्यामुळे नळी पहिल्याच दिवशी फुटते. ओळखीच्या कॉलेजात असा लिलाव असेल आणि सगळं यंत्र घरी आणायला घरच्यांची परवानगी नसेल, तर निदान नळी तिच्या धातूच्या कवचासकट, उच्चदाबाचा ट्रान्सफॉर्मर, सगळे नॉब आणि कपाटात कुठेतरी पडलेलं मॅन्युअल एवढं मागून घ्यावं. तेवढ्यावर दुसरा एखादा स्कोप उभा राहतो.