विद्यार्थी खेळाडू आणि माध्यमांचे खुले दार

२४ एप्रिल २०२२ रोजी बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर तत्कालीन उपराष्ट्रपती एम. व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते दुसऱ्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धांचे उद्घाटन झाले. कोविडच्या साथीमुळे लांबणीवर पडलेल्या या स्पर्धांत मल्लखांब व योगासने यांसह वीस क्रीडाप्रकारांचा समावेश होता. यजमान जैन विद्यापीठाने २० सुवर्णपदकांसह पहिले स्थान मिळविले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केलेला जलतरणपटू श्रीहरी नटराज हा याच विद्यापीठाचा विद्यार्थी. याच विद्यापीठाच्या प्रिया मोहन हिने महिलांच्या २०० मीटर शर्यतीत अनुभवी द्युती चंदला मागे टाकले.

आंतरविद्यापीठ स्पर्धेची बातमी पूर्वी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात, बहुधा क्रीडापानाच्या तळाशी, चार ओळींत येत असे. आता शर्यत संपते न संपते तोच तिची चित्रफीत प्रेक्षकांच्या भ्रमणध्वनीवरून सर्वदूर पोहोचते आणि धावपटूचा श्वास स्थिरावण्यापूर्वीच तिच्यावर अनोळखी लोकांचे अभिप्राय येऊ लागतात. त्यामुळे विद्यार्थी खेळाडूपर्यंत माध्यमांनी कसे, केव्हा आणि कोणत्या अटींवर पोहोचावे, हा प्रश्न केवळ क्रीडा पत्रकारितेचा राहिलेला नाही. तो शिक्षणाचा, युवक कल्याणाचा आणि खासगीपणाच्या हक्काचाही प्रश्न झाला आहे.

दारावरचा पहारेकरी

समाजमाध्यमांच्या आगमनापूर्वी खेळाडू आणि वाचक यांच्यामध्ये अनेक दारे होती. पत्रकाराला संघटनेकडून प्रवेशपत्र घ्यावे लागे, प्रशिक्षकाची परवानगी मिळवावी लागे आणि संपादकाच्या चाळणीतून मजकूर पार पडावा लागे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळाडूंनी मैदानावरून बाहेर पडताना पत्रकारांशी बोलावे यासाठी ‘मिक्स्ड झोन’ नावाची स्वतंत्र जागा राखली जाते. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. नावाजलेल्या खेळांना व महानगरांना झुकते माप मिळे आणि ग्रामीण भागातील खेळाडूंकडे दुर्लक्ष होई. तथापि, प्रत्येक दारावर कोणीतरी जबाबदार व्यक्ती उभी होती.

ही व्यवस्था गेल्या दीड-दोन दशकांत बदलली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या वेळी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने खेळाडूंच्या ब्लॉगलेखनासाठी प्रथमच मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपर्यंत समाजमाध्यमे खेळाडूंच्या दैनंदिन जीवनाचा भाग झाली होती. खेळाडू स्वतःच स्वतःचा वार्ताहर झाला. त्याचबरोबर त्याच्याविषयी बोलणारा प्रत्येक जण प्रकाशक झाला.

लक्ष ही दुर्मीळ वस्तू

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, माहिती विपुल झाली की ती ग्रहण करणाऱ्याचे लक्ष दुर्मीळ होते. विद्यार्थी खेळाडूंच्या बाबतीत याचे दोन परस्परविरोधी परिणाम दिसतात.

पहिला परिणाम हितकारक आहे. प्रसिद्धीचा प्रवेशखर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. मल्लखांब, खो-खो किंवा तलवारबाजी खेळणाऱ्या विद्यार्थिनीच्या गावी वार्ताहर कदाचित कधीच जाणार नाही. परंतु तिची दोन मिनिटांची चित्रफीत एखाद्या प्रायोजकाच्या, निवडकर्त्याच्या किंवा शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या नजरेस पडू शकते. ज्या खेळांना दूरचित्रवाणीवर स्थान नाही, त्यांच्यासाठी हे मोठेच साधन आहे.

दुसरा परिणाम चिंताजनक आहे. लक्ष वेधण्याच्या स्पर्धेत शांत, संयमी आशयापेक्षा वादग्रस्त आशय वेगाने पसरतो. त्यातून मिळणारे जाहिरातींचे उत्पन्न समाजमाध्यम कंपन्यांना आणि आशय पसरविणाऱ्यांना मिळते. मनस्ताप मात्र खेळाडूच्या वाट्याला येतो. व्यवहारातील लाभ एकाकडे आणि खर्च तिसऱ्याच व्यक्तीकडे जाणे, यालाच अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याच्या धुराप्रमाणेच येथेही हा खर्च बाजार आपणहून भरून देत नाही.

व्यावसायिक क्रिकेटपटूजवळ व्यवस्थापक असतो, वकील असतो आणि जनसंपर्काची यंत्रणा असते. सर्वसामान्य विद्यार्थ्याकडे यांपैकी काहीच नसते, परंतु त्याला त्याची गरजही पडत नाही. विद्यार्थी खेळाडू या दोहोंच्या मधोमध उभा आहे. त्याची ओळख सार्वजनिक असते आणि संरक्षण मात्र खासगी व्यक्तीएवढेही नसते.

एक वाक्य, एक वादळ

जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथे झालेल्या वीस वर्षांखालील जागतिक मैदानी स्पर्धेत आसामच्या हिमा दास हिने ४०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. उपांत्य शर्यतीनंतर तिने माध्यमांशी इंग्रजीतून संवाद साधला. त्यावर भारतीय ॲथलेटिक्स महासंघाच्या ट्विटर खात्यावरून, तिचे इंग्रजी तितकेसे सफाईदार नसल्याचा उल्लेख झाला. समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठल्यानंतर महासंघाने दिलगिरी व्यक्त केली. देश तिचे यश साजरे करीत असतानाच इंटरनेटवर तिची जात शोधली जात असल्याचे वृत्तही त्या दिवसांत प्रसिद्ध झाले. येथे कोणा पत्रकाराने आगळीक केली नव्हती. खेळाडूचे हित जपणे ज्या संस्थेचे काम, तिच्याच खात्यावरील एका अनवधानाच्या वाक्याने खेळाडूच्या भाषेला परीक्षेचा विषय बनविले.

टोकियो ऑलिम्पिकनंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, नीरज चोप्राने एका मुलाखतीत सहज सांगितले की, अंतिम फेरीपूर्वी त्याचा भाला पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात होता व तो त्याने मागून घेतला. या साध्या घटनेला समाजमाध्यमांवर कटाचे रूप देण्यात आले. अखेर आपले नाव कोणाच्या हेतूंसाठी वापरू नये, असे आवाहन नीरजला चित्रफितीद्वारे करावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये हेच पुन्हा घडले. आपल्या नावाच्या भालाफेक स्पर्धेसाठी त्याने अर्शद नदीमला पाठविलेल्या निमंत्रणावरून, पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर, त्याच्यावर व त्याच्या कुटुंबीयांवर शिवराळ टीका झाली. हल्ल्यापूर्वीच निमंत्रण गेले होते, हे त्याला जाहीर निवेदनाद्वारे स्पष्ट करावे लागले. ती स्पर्धा ५ जुलै २०२५ रोजी बेंगळुरूच्या त्याच श्री कंठीरवा स्टेडियमवर पार पडली आणि नीरजनेच ती जिंकली.

ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्याला त्याच्या नावलौकिकाचा आधार होता; त्याचे निवेदन तासाभरात देशभर पोहोचले. द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आणि विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थिनीवर असाच प्रसंग आला, तर तिच्या खुलाशाकडे किती जण लक्ष देतील? आरोप जितक्या वेगाने पसरतो, तितक्या वेगाने खुलासा पसरत नाही.

या त्रासाची विभागणीही समान नाही. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने टोकियो ऑलिम्पिकच्या काळात १६१ खेळाडूंच्या ट्विटर खात्यांचा अभ्यास करविला. त्यात आढळलेल्या १३२ अपमानास्पद संदेशांपैकी ११५ संदेश, म्हणजे सुमारे ८७ टक्के, महिला खेळाडूंना उद्देशून होते.

परदेशातील धडे

महाविद्यालयीन खेळ हा मोठा उद्योग असलेल्या अमेरिकेत या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. प्रारंभी काही प्रशिक्षकांनी हंगामभर संघातील खेळाडूंना ट्विटर वापरण्यास सरसकट बंदी घातली. विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला म्हणून या बंदीवर टीका झाली. १ जुलै २०२१ पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने विद्यार्थी खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या वापरातून उत्पन्न मिळविण्याची मुभा दिली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठेही खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली.

यातून भारताने घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. खेळाडूच्या प्रतिमेला आर्थिक मूल्य आहे आणि त्यावर पहिला हक्क खेळाडूचाच आहे, हे मान्य करणे न्याय्य ठरते. परंतु अनुयायांच्या संख्येला किंमत आली की सराव, अभ्यास आणि विश्रांती यांचा वेळ आशयनिर्मितीत जाऊ लागतो. शिवाय मोठ्या रकमा काही मोजक्या लोकप्रिय खेळांकडेच वळतात. जुनी विषमता नव्या रूपात परत येते.

कायद्याची चौकट

बेंगळुरूनिवासी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. कायद्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

विद्यार्थी खेळाडूंच्या दृष्टीने या कायद्यातील दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. कनिष्ठ महाविद्यालयांतील खेळाडू बहुतांशी याच वयोगटात मोडतात. दुसरी बाब सावध करणारी आहे. जी वैयक्तिक माहिती व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केली आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. दुखापतीचे छायाचित्र किंवा वसतिगृहाचा ठावठिकाणा खेळाडूने एकदा स्वतःच खुल्या खात्यावर टाकला, की या कायद्याचे कवच त्या माहितीपुरते गळून पडते.

जाहिरातींच्या संदर्भात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोबदला म्हणून केवळ मोफत वस्तू मिळाली असली तरी तिची शिफारस करताना ते संबंध स्पष्टपणे सांगणे बंधनकारक आहे. बूट किंवा पूरक आहाराचे डबे भेट म्हणून स्वीकारून त्यांची छायाचित्रे टाकणाऱ्या विद्यार्थ्याला याची जाणीव असणे आवश्यक आहे.

दार बंद करणे हा उपाय नव्हे

या अडचणी पाहून विद्यार्थी खेळाडूंनी माध्यमांशी बोलूच नये, असा आदेश काढणे सोपे वाटते. परंतु असा आदेश अंतिमतः खेळाडूंच्याच मुळावर येतो. निवडीतील पक्षपात, वसतिगृहातील निकृष्ट जेवण, प्रशिक्षकांचे गैरवर्तन यांसारख्या बाबी बाहेर येतात त्या बहुधा कोणीतरी पत्रकाराशी बोलल्यामुळेच. जानेवारी २०२३ मध्ये महिला कुस्तीपटूंच्या तक्रारी देशासमोर आल्या, त्या दिल्लीतील जंतरमंतरवर खेळाडू उघडपणे बोलले म्हणून. संस्थेच्या अधिकृत खात्यावरून प्रसृत होणारी गोड छायाचित्रे स्वतंत्र पत्रकारितेची जागा घेऊ शकत नाहीत. त्यामुळे संस्थांनी पहारेकऱ्याची भूमिका सोडून खेळाडूला बोलण्यास समर्थ करण्याची भूमिका स्वीकारली पाहिजे.

महाविद्यालयांनी काय करावे

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रथम, प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या सरसकट संमतीपत्राऐवजी छायाचित्र, मुलाखत आणि जाहिरात यांसाठी वेगवेगळी व परत घेता येण्याजोगी संमती घ्यावी. दुसरे, सामन्यानंतर खेळाडूला सावरण्यासाठी थोडा अवधी द्यावा आणि परीक्षेच्या काळात मुलाखतींचा आग्रह धरू नये. तिसरे, मुलाखतीची भाषा खेळाडूने ठरवावी. बेंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रांत देशभरातून खेळाडू येतात. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेनेही येथील राष्ट्रीय शिबिरात सराव केला. मराठी, कन्नड किंवा असमिया भाषेत नेमके बोलू शकणाऱ्या खेळाडूला अडखळत्या इंग्रजीत उभे करण्यात कोणाचाच लाभ नाही.

चौथे, वैद्यकीय अहवाल, दुखापती व चाचण्यांची माहिती खेळाडूच्या लेखी अनुमतीशिवाय कोणालाही देऊ नये. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संहितेनेही अल्पवयीन खेळाडूचे नाव जाहीर करणे बंधनकारक ठेवलेले नाही. पाचवे, ऑनलाइन छळ झाल्यास पुरावा जतन करणे, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदविणे आणि समुपदेशन मिळवून देणे यांसाठी एक निश्चित अधिकारी नेमावा. विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समिती असणे आवश्यकच आहे. तिच्याशी या अधिकाऱ्याने समन्वय ठेवावा. सहावे, पत्रकारिता व विधी विभागांच्या साहाय्याने दरवर्षी खेळाडूंसाठी एक-दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. बहुतेक विद्यापीठांकडे हे मनुष्यबळ आधीच उपलब्ध आहे.

क्रीडांगणे, जलतरण तलाव आणि धावमार्ग यांवर होणारी सार्वजनिक गुंतवणूक अखेर माणसांवरील गुंतवणूक असते. एका रात्रीच्या शिवीगाळीने खचून एखादी गुणी विद्यार्थिनी खेळ सोडते, तेव्हा त्या गुंतवणुकीचाही ऱ्हास होतो, पण तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. माध्यमांचे दार आता बंद होणार नाही आणि ते बंद होऊही नये. मात्र त्या दारातून कोणाला आत घ्यायचे, हे ठरविण्याचे बळ त्या घरात राहणाऱ्या खेळाडूकडे असले पाहिजे.